जुना ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि पहिला गिअर

जुन्या, छोट्या ट्रॅक्टरला रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार, जोडायचे मनात आले की जो तो आधी अश्वशक्तीची चौकशी करतो. ती करावीच, पण माझा अनुभव असा की ट्रॅक्टर अडतो तो ताकदीपाशी नव्हे, तर पहिल्या गिअरच्या वेगापाशी आणि एकेरी क्लचपाशी.

ताकदीचे थोडक्यात सांगतो. माझा ट्रॅक्टर इंजिनावर 35 अश्वशक्तीचा आहे. त्यातली सगळी पीटीओपर्यंत, म्हणजे अवजाराला ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या टोकापर्यंत, पोहोचत नाही, आणि वय झालेल्या इंजिनाकडून कागदावरचा आकडा मागणेही बरे नव्हे. दर फुटामागे पीटीओवर किमान 5 अश्वशक्ती हवी, कठीण जमिनीत त्याहून जास्त, हा ठोकताळा धरून मी 5 फुटी रोटाव्हेटरचा मोह सोडला आणि 4 फुटी घेतला. तो चाकांच्या बाहेरच्या रुंदीपेक्षा अरुंद असल्याने मधोमध न बसवता उजवीकडे सरकवून जोडला आहे. उजव्या चाकाचा माग पाती तिथल्या तिथे पुसतात, डाव्याचा पुढच्या फेरीत पुसला जाईल अशा बेताने फेऱ्या घ्याव्या लागतात.

आता वेगाकडे वळू. पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो तेव्हा माझ्या यंत्राचा रोटर, म्हणजे पाती बसवलेला आडवा आस, सुमारे 200 फेरे घेतो. त्यावरच्या प्रत्येक फ्लँजवर (पाती धरणाऱ्या चकतीवर) 6 पाती आहेत, 3 डावीकडे वळलेली आणि 3 उजवीकडे. म्हणजे जमिनीच्या कोणत्याही एका पट्टीवर एका फेऱ्यात 3 घाव पडतात, मिनिटाला 600. शेतात 30 मीटरवर दोन खुंट्या ठोकून मी घड्याळ लावले, तेव्हा पहिल्या गिअरमध्ये ते अंतर तोडायला 36 सेकंद लागले आणि दुसऱ्यात 22. पहिल्याचा वेग ताशी 3 किलोमीटर आला, म्हणजे मिनिटाला 50 मीटर, आणि दोन घावांमधले अंतर 8 सेंटिमीटरांच्या किंचित वर. दुसऱ्या गिअरमध्ये तेच अंतर साडेतेरा सेंटिमीटरांच्या पुढे जाते, आणि मागे भुसभुशीत मातीऐवजी मुठीएवढी ढेकळे पडतात. आजच्या ट्रॅक्टरांना याहून पुष्कळ सावकाश चालणारे गिअर असतात. तीन-चार गिअरांच्या जुन्या ट्रॅक्टरला पहिल्याच्या खाली काही नसते.

इथे नवखा माणूस हमखास एक चूक करतो, आणि मीही पहिला आठवडाभर ती केली. माती बारीक होत नाही असे दिसले की थ्रॉटल कमी करून ट्रॅक्टर हळू चालवायचा. वास्तविक चाके आणि पीटीओ दोन्ही एकाच इंजिनाला गिअरांनी बांधलेली असतात. इंजिनाचे फेरे निम्मे केले की ट्रॅक्टरचा वेग निम्मा होतो आणि रोटरचाही निम्माच होतो, त्यामुळे घावांमधले अंतर होते तेवढेच राहते. उलट कमी फेऱ्यांवर इंजिन दम टाकते आणि जरा घट्ट जागा आली की बंद पडते. अंतर बदलायचे तर गिअर बदलावा, नाहीतर रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समधली गिअरजोडी बदलता येत असेल तर ती बदलावी. माझ्या यंत्रात ती सोय नाही, म्हणून मी थ्रॉटल 540 फेऱ्यांच्या खुणेवर ठेवतो आणि एकाच खोल फेरीऐवजी दोन फेऱ्या घेतो: पहिली बाजूचे स्किड (खोली ठरवणाऱ्या घसरपट्ट्या) खाली करून जेमतेम 5-6 सेंटिमीटरांची आणि दुसरी तिला आडवी, पुऱ्या खोलीची.

कठीण जमिनीत पहिली फेरी उथळ ठेवण्याला आणखी एक कारण आहे. पाती चाकांच्याच दिशेने फिरतात. त्यांना आत शिरता आले नाही की ती जमिनीवर चालू लागतात आणि ट्रॅक्टरला मागून ढकलतात. अशा वेळी दुहेरी क्लच असेल तर चाके थांबवून रोटर फिरता ठेवता येतो. एकेरी क्लचमध्ये ते शक्य नाही, पेडल दाबले की दोन्हींची ताकद एकदम तुटते.

आणि ताकद तुटली म्हणजे ट्रॅक्टर थांबलाच असे नाही, हे मला कुंपणाच्या एका खांबाने शिकवले. शेताच्या टोकाला रोटाव्हेटर उचलला, क्लच दाबला आणि ट्रॅक्टर उभा राहील या भरवशावर मागे वळून पाहिले, तोवर ट्रॅक्टर दोनेक फूट पुढे जाऊन खांबाला टेकला होता. इंजिन सुटले होते, पण अधांतरी फिरणाऱ्या जड रोटरचा वेग पीटीओवाटे उलट्या मार्गाने गिअरबॉक्समध्ये येऊन चाके फिरवत होता. यावरचा उपाय म्हणजे पीटीओच्या टोकावर बसणारा ओव्हररनिंग कपलर. सायकलच्या फ्रीव्हीलसारखा तो एकाच दिशेने जोर पोहोचवतो, उलटा येऊ देत नाही. मात्र त्याच्या लांबीमुळे पीटीओ आणि रोटाव्हेटर जोडणाऱ्या शाफ्टला जागा कमी पडते, म्हणून शाफ्टच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्या तेवढ्याच कापाव्या लागल्या. काही जुन्या ट्रॅक्टरांत अवजार उचलणाऱ्या लिफ्टचा पंपही पीटीओवरच चालतो, आणि माझा त्यांतलाच आहे. त्यामुळे वळणाआधी क्लच न दाबता, रोटर फिरत असतानाच यंत्र उचलावे लागते. पाती मातीत असताना वळायचे तर अजिबात नाही.

शाफ्टचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. ग्रीस भरायला त्याचे दोन भाग वेगळे केले आणि परत जोडले, की दोन्ही टोकांचे योक (दुबेळक्यासारखे सांधे) एकाच पातळीत आले आहेत ना, हे नजर लावून पाहावे. योकात बसणारा, कोनात फिरणारा एक क्रॉस (अधिक चिन्हासारखा सांधा) प्रत्येक फेऱ्यात वेग किंचित वाढवतो आणि कमी करतो, आणि योक एका रेषेत असतील तरच दुसरा क्रॉस ती चढउतार पुसून टाकतो. मी चौकोनी नळी एकदा पाव फेऱ्याने चुकवून बसवली होती. सीटखाली थरथर जाणवू लागली, ती मी ढिल्या नटांवर ढकलली आणि तासभर तसेच काम रेटले; उतरून पाहिले तर क्रॉसच्या टोपीला हात लावता येत नव्हता इतकी ती तापली होती. अर्थात हात लावला तो इंजिन बंद करून आणि पीटीओचा दांडा न्यूट्रलला आणून. पात्यांना गुंडाळलेल्या वेली काढतानाही याला अपवाद नाही.

एवढे सगळे जमवूनही वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य ओल, चुकला तर काम वाया जाते. मूठभर माती दाबून सोडली आणि बोटाच्या टिचकीने गोळा फुटला तरच मी यंत्र खाली टाकतो. ओल जास्त असताना पाती माती कापत नाहीत, तळाशी सारवत जातात. गेल्या हंगामाच्या शेवटी कुदळीने खड्डा घेऊन पाहिले, तेव्हा 12 सेंटिमीटरांवर साबणासारखा गुळगुळीत थर लागला आणि मुळे त्याच्यावर आडवी पसरलेली दिसली. या वर्षी त्या तुकड्यात आधी नांगर घातला आहे; रोटाव्हेटर अजून शेडमध्येच आहे.