मुंग्या, कळ आणि ठणका

पहाटेचे पाच. सतरंजीवर चौपदरी घोंगडी, तिच्यावर उशी. आजची नोंद विपश्यना ध्यानाच्या बैठकीची, आणि त्यातही फक्त शरीराची.

आधी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा. पाली भाषेत ‘वेदना’ म्हणजे दुखणं नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्हींत न बसणारी कुठलीही जाणीव म्हणजे वेदना. मराठी कान मात्र हा शब्द ऐकला की दुखणं शोधायला लागतो, आणि शोधलं की ते सापडतंच. इगतपुरीच्या धम्मगिरीत सत्यनारायण गोएंकांच्या पद्धतीने जी दहा दिवसांची शिबिरं होतात, तिथे ‘संवेदना’ हा शब्द कानावर पडतो. तोच बरा. कपड्याचा स्पर्श, काखेतला ओलावा, पंख्याची झुळूक, उशीचा दाब, सगळ्या संवेदनाच. अंगातून वीज सळसळेल म्हणून वाट पाहत बसलेल्या माणसाचं नेमकं याकडे दुर्लक्ष होतं.

शिबिराचे पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वास पाहणं. लक्ष हळूहळू नाकपुड्या आणि वरच्या ओठाच्या मधल्या एवढ्याशा जागेवर आणतात. या जागेची निवड मला फार शहाणपणाची वाटते. ओठ आणि बोटांची टोकं इथे स्पर्शाचे मज्जातंतू दाट असतात. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर अंतरावरच्या दोन टोचण्या वेगळ्या कळतात. पाठीवर त्याच टोचण्या तीन-चार सेंटिमीटर लांब असल्या तरी एकच वाटू शकतात. चौथ्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायला सुरुवात होते तेव्हा पाठ मुकी राहते ती म्हणूनच. त्यात साधकाचं काही चुकत नाही. अशा जागी मिनिटभर थांबायचं, काही उमटलं तर पाहायचं, नाही तर पुढे सरकायचं. तिथे रेटा लावला की कपाळ आणि जबडा आवळला जातो आणि तासाभराने डोकं जड होतं. ते जडपण ‘ऊर्जा वर चढली’ म्हणून मिरवू नये, तो स्नायूंचा ताण आहे.

आता पाय, कारण बहुतेकांची बैठक मोडते ती पायांपाशी. पाय आधी जड होतो, मग बधिर, आणि सोडवला की झिणझिण्या. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा एक गोटा लागतो. त्याला वळसा घालून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. मांडी घातली की तो दाबला जातो. नितंबाखाली पायाचा मोठा मज्जातंतूही दबतो. दाब लांबला की तंतूंचा रक्तपुरवठा आणि निरोप दोन्ही अडतात. मुंग्या पाहता येतात, पण रोज त्याच पायाला, त्याच जागी येत असतील तर बैठक बदलायची.

बैठकीची उंची दहा ते पंधरा सेंटिमीटर हवी, गुडघे खुब्यांपेक्षा खाली राहतील इतकी. उशीच्या मधोमध नाही, पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावर बसायचं. कंबर आपोआप पुढे कलते आणि कणा ताणावा लागत नाही. गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली टॉवेलची घडी, घोट्याचं हाड जमिनीला टोचत असेल तर तिथेही. खुबा आखडलेला असला की मांडीचा पीळ खुब्यात न बसता गुडघ्यावर येतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, एका बोटाने दाखवता येईल अशी टोचरी कळ आली तर समता, म्हणजे जे उमटेल ते शांतपणे पाहणं, वगैरे बाजूला ठेवून पाय सोडवावा. मांडीत, पाठीत पसरलेली रग किंवा ठणका मात्र बसून पाहण्यासारखा असतो. तो सरकतो, पातळ होतो, पुन्हा दाटतो. अधिष्ठानाच्या, म्हणजे निश्चयाने स्थिर बसायच्या तासात हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत हे खरं, पण तो निश्चय चुळबुळीविरुद्धचा आहे, सांधा मोडून घेण्याचा नव्हे. खुर्चीवर बसणारा साधक जराही कमी नसतो. पावलं जमिनीवर सपाट, पाठ न टेकता.

खाज शिकवते तेवढं दुसरं काही शिकवत नाही. नाकाच्या शेंड्याशी चुणचुण सुरू होते. हात उचलायची ऊर्मी खांद्यात आधी उमटते, ती खाजेपेक्षा वेगळी दिसते का ते पाहावं. मग चुणचुण टोकदार होते, किंचित तापते, आणि बहुधा मिनिट-दोन मिनिटांत विरते. ‘अनिच्च’ म्हणजे अनित्य, हे पाठ करण्यापेक्षा इथे पटतं.

मांडीवर एकमेकांत ठेवलेले हात कधी हरवतात, कुठला डावा कुठला उजवा कळत नाही. स्थिर दाबाची बातमी तंतू हळूहळू देईनासे होतात, म्हणून हे घडतं. भिण्याजोगं नाही आणि सिद्धीही नाही. पण बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येऊन डोकं हलकं झालं, तर श्वास नकळत जोरात चाललाय. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की असंच होतं. श्वास मोकळा सोडून द्यावा. छातीत धडधड, घाबरं वाटणं वाढत असेल तर डोळे उघडावेत, लक्ष तळपायांवर आणावं, आणि तेवढ्यानेही निवलं नाही तर बैठक थांबवून शिक्षकांशी बोलावं. हे टाळू नये.

घंटा झाल्यावर लगेच उठू नये. बधिर पायाचं पाऊल उचललं जात नाही, घोटा मुरगळतो. आधी पाय लांब करावा, पावलं पुढे-मागे करावीत, झिणझिण्या पूर्ण येऊन ओसरू द्याव्यात. अंगठा जमिनीवर दाबून पाहावा. दाब नीट कळला की मग हात टेकून उभं राहावं.