इलेक्ट्रिक गाडी आत्ता घ्यावी, की ती स्वतः चालायला लागेपर्यंत थांबावं?

इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मनात पक्कं असलेले बरेच जण ऐनवेळी थबकतात. तीन-चार वर्षांत गाड्या स्वतः चालणार असतील, तर वीस लाख आत्ता कशाला अडकवायचे? शंका रास्त आहे. फक्त तिच्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र गुंतलेत. गाडी विजेवर असावी का, याचं उत्तर तुमच्या पार्किंगमध्ये आणि महिन्याच्या किलोमीटरमध्ये आहे. गाडी स्वतः चालेल का, याचं उत्तर कायदा, रस्ता आणि गाडीत आज बसवलेले सेन्सर देतात. दुसऱ्यासाठी पहिलं अडवून ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी सेल्फ-ड्रायव्हिंगचं बघू. टेस्लाने ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर केलं की यापुढच्या प्रत्येक गाडीत पूर्ण सेल्फ-ड्रायव्हिंगला लागणारं सगळं हार्डवेअर असेल. २०१९ मध्ये त्या गाड्यांमधला संगणक बदलला, २०२३ मध्ये पुन्हा बदलला, सोबत कॅमेरेही बदलले. जानेवारी २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी मान्य केलं की २०१९ चा संगणक असलेल्या ज्या ग्राहकांनी या सोयीचे पैसे आगाऊ भरलेत, त्यांचा संगणक बदलून द्यावा लागेल. सॉफ्टवेअर रात्रीत अपडेट होतं. कॅमेरा, रडार आणि चिप बदलायला गाडी उघडावी लागते. म्हणून ‘हे फीचर पुढे सुरू होईल’ यासाठी आज एक रुपयाही देऊ नका. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला शोरूम उघडलं, तेव्हा या पूर्ण सेल्फ-ड्रायव्हिंग पॅकेजची किंमत ६ लाख रुपये होती आणि भारतात ते चालू झालेलं नव्हतं.

विनाचालक गाड्या जगात नाहीत असं नाही. गूगलच्या समूहातल्या वेमो कंपनीच्या विनाचालक टॅक्सी अमेरिकेत फिनिक्स आणि सॅन फ्रान्सिस्कोत चालतात, पण आखून दिलेल्या भागात, बारीक नकाशा आणि लायडारच्या (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या) भरवशावर. शिवाय ती गाडी विकत मिळत नाही. जर्मनीत मर्सिडीजची लेव्हल ३ प्रणाली, म्हणजे ठरावीक परिस्थितीत चालकाला रस्त्यावरून नजर काढू देणारी, २०२५ मध्ये ताशी ९५ किलोमीटरपर्यंत चालत होती, तीही महामार्गावर आणि हवामान बरं असेल तरच. आपल्याकडे नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितलंय की चालकांचा रोजगार जाईल अशा विनाचालक गाड्यांना ते परवानगी देणार नाहीत.

आज इथे मिळतं ते लेव्हल २ अडास, म्हणजे चालकाला मदत करणारी प्रणाली. स्टिअरिंग, वेग आणि ब्रेक यांत गाडी मदत करते, जबाबदारी मात्र पूर्ण तुमची. ते कुठे चुकतं हे माहीत असेल तर फार उपयोगाचं आहे. पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारं अॅडॅप्टिव्ह क्रूझ समृद्धी महामार्गावर खरोखर थकवा कमी करतं. शहरात पुढच्या गाडीपासून राखलेल्या अंतरात रिक्षा किंवा दुचाकी घुसते, गाडी वेग कमी करते, तेवढ्यात दुसरी घुसते, आणि मागच्याला तुमचा ब्रेक अनपेक्षित असतो. शहरात ते बंद ठेवा. पुसट पट्ट्यांवर, किंवा काम चालू असताना जुने आणि नवे पट्टे एकत्र दिसतात तिथे, गाडीला लेनमध्ये ठेवणारं लेन असिस्ट चुकीच्या रेघेला धरतं.

सगळ्यात धोक्याची गोष्ट थांबलेल्या वाहनाची. पूल, पाट्या, कठडे यांवरूनही रडारचे तरंग परत येतात, म्हणून महामार्गाच्या वेगात स्थिर वस्तूंचे बरेच संकेत प्रणाली गाळून टाकते. मग भिस्त कॅमेऱ्यावर. ऊस गळीताच्या हंगामात रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली कडेला उभी असते. ती ओळखणं कॅमेऱ्याला सर्वात अवघड जातं. तिथे नजर तुमचीच हवी. पुढची काच बदलली, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नेमकी जुळवणी) पुन्हा करून घ्या. रडार बंपरच्या मागे असतं, त्यामुळे त्या जागी पुटी आणि रंगाचे जाड थर किंवा लोखंडी गार्ड चालत नाही.

आता वीज. स्वतःच्या पार्किंगपर्यंत वायर येते का, हा खरा निकष. सोसायटीची एनओसी, मंजूर भार आणि अर्थिंग या तीन गोष्टी बुकिंगच्या आधी उरका. महावितरण ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी जोडणी देतं, पण मीटर कुठे बसणार हे आधी ठरवा. ७.२ किलोवॉटचा चार्जर ३२ अँपिअर सलग ओढतो. मीटरपासून ३० मीटरपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. तीच ६० मीटर नेली तर साधारण १२ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणून तिथे १० चौरस मिलिमीटर घ्या. ४० अँपिअरचा एमसीबी आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वेगळा हवा. अर्थिंग कच्चं असेल तर चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो, आणि लोक गाडीला दोष देतात.

बहुतेकांना ७.२ लागतही नाही. ३.३ किलोवॉटवर नऊ तासांत मीटरवर ३० युनिट पडतात, बॅटरीत २६ च्या आसपास उतरतात. युनिटला ७ किलोमीटर धरले तर एका रात्रीत १८० किलोमीटर. मात्र घरातला साधा १५ अँपिअरचा सॉकेट नऊ तासांच्या सलग भाराने तापतो, सैल असेल तर वितळतो. औद्योगिक सॉकेट बसवा.

हिशोब असा करा. पेट्रोल १०४ रुपये, पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर, घरची वीज युनिटला १० रुपये आणि दोन गाड्यांच्या किमतीत ४ लाखांचा फरक धरू. महिन्याला १,५०० किलोमीटर असतील तर पेट्रोल १०,४०० आणि वीज, चार्जिंगमधली घट धरून, सुमारे २,४०० रुपये. महिन्याला ८,००० वाचतात, फरक ५० महिन्यांत फिटतो. ५०० किलोमीटर असतील तर बचत सुमारे २,६७० रुपये, आणि फरक फिटायला १५० महिने, म्हणजे साडेबारा वर्षं. घरी चार्जिंग नसेल आणि सार्वजनिक ठिकाणी युनिटला २२ रुपये पडत असतील, तर १,५०० किलोमीटरलाही जवळपास सहा वर्षं. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धीवर राज्याच्या २०२५ च्या धोरणाने इलेक्ट्रिक कारला टोल माफ केलाय. तिथून नेहमी जाणाऱ्यांनी तोही मांडावा.

घाटाची भीती अवाजवी आहे. खोपोली ते खंडाळा चढ सुमारे ५५० मीटर. चार माणसांसह १,९०० किलोची गाडी वर न्यायला सपाटीपेक्षा साधारण ३ युनिट जास्त लागतात, आणि उतरताना त्यातले बरेचसे परत मिळतात. १२० च्या वेगाने सलग चालवलं तर रेंज त्याहून कितीतरी जास्त घटते.

तेव्हा थांबावं कोणी? ज्यांच्या पार्किंगला वायर येत नाही, ज्यांची गाडी महिन्याला पाच-सहाशे किलोमीटरच फिरते, ज्यांची सध्याची गाडी ठणठणीत आहे, त्यांनी. बाकीच्यांनी आज जे चालतं तेवढ्याचेच पैसे द्यावेत. टेस्ट ड्राइव्ह दुपारी मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. अंधार पडल्यावर, शक्यतो पावसात, तुमच्या रोजच्या रस्त्यावर घ्या. लेन असिस्ट कितीदा सोडून देतं ते मोजा आणि ते बंद करायला किती वेळा स्क्रीन दाबावा लागतो तेही बघा. डिलिव्हरीच्या आधी बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), हे विचारून घ्या. एलएफपी आठवड्यातून एकदा १०० टक्के भरावी लागते, कारण तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो आणि उरलेल्या चार्जचा अंदाज चुकत जातो. एनएमसी रोज ८० टक्क्यांवर थांबवा, लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरा.