अलिबागचं मिनी गोल्फ: आधी काउंटरवर विचारा, मग पटर उचला

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना एका वाडीत मिनी गोल्फ आहे, नाव नाही सांगत. बोर्डावर ठळक '१८ होल, २५० रु.' (होल म्हणजे एकेक छोटी वाट, तिच्यावरच्या कपात बॉल घालायचा.) मी, बायको, मेव्हणा आणि त्याची बायको, हजार रुपये मोजून आत. नऊ होल झाले आणि रस्ताच संपला. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "काका, अठरा म्हणजे हेच नऊ परत, पण दुसऱ्या फेरीचं तिकीट वेगळं." सरळ फसवणूक आहे. तेव्हा पैसे काढायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या, अठराचे एवढेच ना, आणि बॉल हरवला तर किती.

स्कोअर सोपा आहे. फक्त पटर, म्हणजे चपट्या तोंडाची गोल्फची काठी, एक फटका म्हणजे एक, बॉल पूर्ण थांबल्याशिवाय पुढचा मारायचा नाही, आणि मारायचा, ढकलत न्यायचा नाही. ज्याची बेरीज कमी तो जिंकला. आमच्या मेव्हण्याचं आयुष्य कॅरममध्ये गेलेलं, त्यामुळे तीन होल होईपर्यंत आपले जास्त झाले म्हणून तो खुश होता. बॉल कडेला चिकटला तर पटरच्या डोक्याइतका आत घ्या, फुकट. बाहेर उडाला तर घरगुती खेळात एक दंड धरून जिथून गेला तिथेच ठेवतात, हे मात्र आधीच ठरवा, नंतर ठरवाल तर नात्यात वितुष्ट येतं.

आता सहावा होल. दोन मीटरचा चढ, वर कप, दोन्ही बाजूंना जांभ्याचे चिरे. नीट बांधलेल्या कोर्सवर कड सरळ असते, कॅरमसारखा रिबाउंड धरून मारता येतं, पण जांभा खडबडीत, बॉल कुठल्या कुठे जातो, आणि वर सुरूच्या काड्या पडलेल्या. (काड्या हाताने बाजूला करायला काही हरकत नाही.) हळू मारला की बॉल गडगडत परत पायाशी आणि फटका मात्र मोजायचाच, जोरात मारला की चिऱ्यावरून थेट नारळाच्या पाटात. दुपारी दोनचं ऊन, मी सहा मारले, सहाही वाया. इथे एक नियम जीव वाचवतो, सहा फटक्यांत नाही गेला तर सात लिहायचे आणि पुढे चालायचं, आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही असंच आहे. आणि अशा होलला एकाने पूर्ण खेळून संपवावं, मग दुसऱ्याने, नाहीतर चार बॉल एकदम गडगडत येतात आणि कुणाचे किती झाले कळत नाही. आकडा तिथल्या तिथे लिहा, पुढच्या होलला आठवत नाही.

पाटात गेलेल्या बॉलचे १५० कापले. पाच मिनिटांनी बायकोला तोच बॉल शेजारच्या माडाच्या आळ्यात सापडला, तर काउंटरवरचा पोरगा म्हणे पावती झाली.

साडेचारनंतर जा, स्लीपर नको, लहान पोरं असतील तर सहावा सोडूनच द्या. बाकी दोन दिवस नागावला समुद्र, सुरमई, झोप, ठीक होतं. येताना वडखळला ट्रॅफिकमध्ये दीड तास.

मेव्हणा ३१, मी ३२. तो वडखळपासून म्हणतोय सहाव्याला तुझे आठ झाले. सातच लिहितात.