हो किंवा नाही, एवढंच सांग

सोमवार, रात्री उशिरा

श्रद्धा जाते ती एका दिवसात धाडकन जाते, असं मला वाटायचं. काहीतरी भयंकर घडतं, माणूस आभाळाकडे बघून ओरडतो, की संपलं. माझ्याबाबतीत तसलं नाट्य काहीच झालं नाही. ती कधी झिजत गेली ते कळलंसुद्धा नाही. कुणी विचारलं की कधीपासून, तर तारीख सोडाच, मला साल सांगता येत नाही.

पहिली शंका मात्र लख्ख आठवते. मी शाळेत होते. बाबांच्या गाडीला अपघात झाला. बाबा खरचटण्यावर निभावले, समोरच्या गाडीतला माणूस गेला. घरी भेटायला येणारा जो तो म्हणत होता, ‘देव पाठीशी होता म्हणून वाचलात.’ मी मध्येच विचारलं, ‘मग त्या काकांच्या पाठीशी का नव्हता?’ सगळे गप्प. आईने मला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि म्हणाली, ‘असं बोलू नये.’ का बोलू नये, ते काही सांगितलं नाही. ती रागावली असती तर मी विसरलेही असते. ती घाबरली होती. आईला घाबरवणारा प्रश्न म्हटल्यावर तो डोक्यातून कसा जाणार?

पुष्कळ वर्षांनी वाचलं की हाच प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिसेरोने एक किस्सा लिहून ठेवलाय. मेलोसचा डायगोरस नावाचा एक ग्रीक होता, नास्तिक म्हणून बदनाम. वादळातून सुखरूप सुटलेल्यांनी नवस फेडायला वाहिलेली चित्रं त्याला एका मित्राने दाखवली आणि म्हणाला, ‘बघ, देवांना माणसांची काळजी आहे की नाही!’ डायगोरस म्हणाला, बुडाले त्यांची चित्रं कुठे कुणी लावलेली नाहीत. हे वाचून मला इतका आनंद झाला की मी खोलीत एकटीच हसले. उत्तर मिळालं म्हणून नव्हे. माझा प्रश्न एका मोठ्या माणसाने विचारला होता आणि दुसऱ्याने तो जपून लिहून ठेवला होता, दंडाला धरून आत नेला नव्हता, म्हणून.

बुधवार

आज निकाल होता. साईट उघडत नव्हती, पडद्यावर तो गोल नुसता फिरत होता, आणि माझे ओठ आपोआप हलायला लागले. लहानपणी पाठ केलेल्या ओळी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मध्येच ‘एवढं एक कर’ असंही म्हटलं. कुणाला म्हटलं? रूममेट शेजारीच बसली होती. ‘कुणाशी बोलतेयस गं?’ म्हणाली आणि खुदकन हसली. मी म्हटलं, सवय.

सवयच असेल. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा 1948 सालचा प्रयोग आहे. भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे मिळत, कबूतर काहीही करत असो वा नसो. थोड्याच वेळात एक कबूतर पिंजऱ्यात गोल गोल फिरायला लागलं, दुसरं वरच्या एका कोपऱ्यात पुन्हा पुन्हा डोकं खुपसायला लागलं. दाणे पडले तेव्हा आपण जे करत होतो त्यामुळेच ते पडले, अशी त्यांची समजूत झाल्यासारखी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, झालं, लागला निकाल, देवाचं कोडं सुटलं. मग कळलं की 1971 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून स्किनरच्या अर्थावर आक्षेप घेतले. त्यांच्या मते त्या हालचाली दाण्यांच्या वेळापत्रकातूनच येतात, योगायोगाच्या बक्षिसातून नाही. म्हणजे कबुतरांच्या गोष्टीवरही डोळे मिटून विश्वास ठेवायची सोय नाही!

पास झाले. आभार कुणाचेही मानले नाहीत. पण क्षणभर चुकल्यासारखं वाटलं, तेही इथे लिहायला हवं.

गुरुवार

ते ‘चुकल्यासारखं’ दिवसभर डोक्यात होतं आणि त्यातून आजी आठवली.

आजीची प्रार्थना मी जवळून बघितली आहे, कारण लहानपणी मी तिच्याच अंगाला अंग लावून झोपायचे. रात्री दिवा मालवला की ती उशीला टेकून बसायची आणि नावं घ्यायची. नुसती नावं. आधी घरातली, मग माहेरची, मग गेलेल्यांची, मग शेजारपाजारची. यादीचा क्रम ठरलेला. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जायचा. त्यात एक नाव असं होतं की ते आमच्या घरात एरवी कुणी घेत नसे. त्या माणसाने आजोबांना पैशाच्या व्यवहारात पार बुडवलं होतं. मी अंधारात विचारलं, ‘आजी, तो कशाला?’ ती म्हणाली, ‘झोप आता. त्याचं नाव गाळायला मी कोण?’ आणि पुढचं नाव घेतलं.

त्या यादीत मागणं नव्हतं. याला नोकरी दे, तिला बरं कर, असलं काही नाही.

2006 मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले 1802 रुग्ण. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. फरक पडला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की माहीत होतं, त्यांच्यात गुंतागुंत बाकीच्यांपेक्षा थोडी जास्तच दिसली, त्यांच्यातल्या 59 टक्के जणांना. आमच्या कट्ट्यावर हा आकडा मीच मोठ्या तोऱ्यात सांगत असते. आणि मागण्याच्या प्रार्थनेबद्दल तो मला आजही पटतो. पण आजीच्या त्या यादीत मोजणार काय? ज्याने घर बुडवलं त्याचं नाव ती आयुष्यभर रोज रात्री न चुकता घेत राहिली. त्याचं भलं झालं की नाही याची तिने कधी चौकशीही केली नाही. मला देव न मानता असं एक नाव रोज घ्यायला जमेल का? प्रयत्न करून बघितला. कुणाचं ते इथेही लिहिणार नाही. जमलं नाही, राग आला.

शनिवार, दुपार

रूममेटबद्दल एक गोष्ट आज कळली आणि मी थक्क झाले. ती प्रार्थना करते. रोज. तिचा धर्म माझ्यापेक्षा वेगळा आहे, पण तो मुद्दाच नाही. ती ते लपवून करते, पहाटे, मी झोपेत आहे असं समजून, भिंतीकडे तोंड करून. आज मी जागी होते. तिने वळून बघितलं आणि चोरी पकडल्यासारखी ओशाळली. ‘ग्रुपवर नको हं सांगूस,’ म्हणाली.

मी घरी गेले की सगळ्यांच्या बरोबर हात जोडून उभी राहते, कारण आईला दुखवायचं नसतं. आणि ही इथे आमच्यासारख्यांत राहून हात जोडायला लाजते, कारण आम्ही हसू. तिची भीती खोटी नाही, आम्ही हसतोच. आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहे, त्याला कुणाच्याही श्रद्धेची चिरफाड करण्यात इतका रस की समोरचा गप्प झाला की तो जिंकला असं धरून चालतो. पूर्वी मला ते फार धाडसाचं वाटायचं. आता वाटतं, माझ्या आईचं ‘असं बोलू नये’ आणि याचं ‘अजून हे मानतेस?’ यांचा परिणाम एकच: विचारणारा आणि मानणारा, दोघांचीही तोंडं बंद. आईचं निदान प्रेमापोटी तरी होतं.

रूममेटला मी विचारलं, तुला कधी शंका येत नाही? ती म्हणाली, ‘रोज येते. म्हणून तर रोज करावी लागते.’ मी त्यावर काही बोलले नाही, कारण मला काही सुचलं नाही.

रविवार, रात्र

शंका म्हणजे श्रद्धेच्या बाहेर पडलेल्यांचा मक्ता, हे माझं गृहीत होतं. ते कालपासून डळमळलंय. आज बसून वाचत होते. अल-गझाली. अकराव्या शतकातला, बगदादच्या सगळ्यात मानाच्या मदरशातला मुख्य अध्यापक, ऐन भरात. 1095 साली तो शिकवायला उभा राहिला की जीभ हलेना. त्यानेच लिहून ठेवलंय. वैद्यांनी हात टेकले, म्हणाले, दुखणं मनाचं आहे. सहा महिने तळ्यात-मळ्यात केलं आणि मग पद, पैसा, मान सगळं सोडून निघून गेला. दुसरीकडे मदर तेरेसा. त्यांची पत्रं 2007 मध्ये छापली गेली तेव्हा जगाला कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आतून देव जाणवतच नव्हता. तरी काम चालू, प्रार्थना चालू.

म्हणजे त्याची जीभ अडली आणि त्यांचे हात अडले नाहीत. माझं डोकं नाही म्हणतं आणि ओठ आपलं चालूच ठेवतात. एकाच माणसात मानणं आणि न मानणं असं वेगवेगळ्या खोल्या करून राहत असेल, तर ‘तू देव मानतेस का’ या प्रश्नाला कुठल्या खोलीतून ओ द्यायची?

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे धाकट्या बहिणीचा फोन. चौदाची आहे. इकडचं तिकडचं झालं आणि एकदम म्हणाली, ‘ताई, तू मानतेस का? हो किंवा नाही, एवढंच सांग.’ मी म्हटलं, ‘मला माहीत नाही.’ ती वैतागली, ‘हे काय उत्तर आहे?’ मी म्हटलं, ‘तुला का विचारावंसं वाटलं?’ मग हळूहळू बाहेर आलं. तिला प्रार्थना करताना मनात वाईट शब्द येतात. आले की ती पहिल्यापासून पुन्हा म्हणते. पुन्हा येतात. कधी कधी अर्धी रात्र यातच जाते. आणि तिला भीती ही, की मनातलं त्याला ऐकू जातं आणि आता शिक्षा आईबाबांना होईल.

बाकी मला काही माहीत नसेल, पण हे मी ठामपणे सांगितलं. मनात विचार येणं हा गुन्हा नाही, कुणाच्याच मनात ठरवून विचार येत नाहीत, आणि लेकरांच्या मनातल्या शब्दांवरून त्यांच्या आईबापांना शिक्षा करणारा कुणी असेलच, तर त्याच्यापुढे हात जोडायचं कारण नाही. रोज अशीच झोप जायला लागली तर आपण समुपदेशकाकडे जाऊ, मी येते बरोबर, हेही सांगितलं. ती रडली. मग जांभई दिली.

दहा मिनिटांत आईचा फोन. ‘काय सांगितलंस तिला? आज म्हणे प्रार्थना एकदाच करून झोपणार आहे.’ मी म्हटलं, एकदा पुरे की. आई जरा थांबली आणि म्हणाली, ‘तू सोडलंस ते मला कळतं गं, मी विचारत नाही. पण तिला नको ओढूस.’ मी ओढत नाहीये, ती घाबरलेली आहे, हे समजावण्यात बराच वेळ गेला. आईला देवाच्या कोपाची भीती आहे असं मी आजवर समजत होते. बोलता बोलता लक्षात आलं, तिची खरी भीती अशी की आम्ही सगळे एकत्र बसतो ती संध्याकाळची दहा मिनिटं मोडतील, आणि मग आम्हाला एकत्र बसवायला तिच्या हातात दुसरं काहीच नाही.

म्हटलं, ‘मी आले की बसेन तुझ्याबरोबर. पण म्हणणार नाही. आणि तिने काही विचारलं तर तिला गप्प करायचं नाही.’

‘आणि बाबांनी विचारलं, ही का म्हणत नाही?’

‘सांग, घसा बसलाय.’

‘दर वेळी?’

‘मग खरं सांग.’

‘बघू,’ म्हणाली. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे निम्मा होकार.