ड्रेसडेन ते बुडापेस्ट, रेल्वेने

सेमिस्टरची सुट्टी जवळ आली की जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते: या वेळी किती देश उरकायचे? पॅरिस, रोम, बार्सिलोना, जिथलं विमान स्वस्त तिथे. आम्ही दोघी मैत्रिणींनी मात्र ड्रेसडेनहून निघून प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट एवढंच करायचं ठरवलं, तेही रेल्वेने. ही तिन्ही शहरं १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या अमलाखाली होती. ती ओळीने पाहिली की एका ठिकाणी पडलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या ठिकाणी सापडतं. विखुरलेली पाच शहरं करण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला, असं माझं ठाम मत झालं आहे.

ड्रेसडेनहून प्रागला जाताना डाव्या बाजूची खिडकी घ्या. रूळ एल्बे नदीच्या काठाकाठाने जातात आणि पलीकडे बास्टाई नावाच्या डोंगरकड्याचे वालुकाश्माचे सुळके दिसतात. सह्याद्रीत भटकलेल्यांना तर उतरून वर चढावंसं वाटेल. प्रवास जेमतेम अडीच तासांचा. तिकीट काढण्यापूर्वी जर्मन आणि चेक, दोन्ही रेल्वेंच्या साइटवर दर पाहा. त्याच गाडीचे दर वेगळे असू शकतात. लवकर काढलेलं तिकीट बरंच स्वस्त पडतं.

प्रागमध्ये चार्ल्स पूल सकाळी सातच्या आत पाहा, नंतर तिथे चालायला जागा उरत नाही. पण एकाच जागी वेळ द्यायचा असेल, तर पिंकास सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या जुन्या प्रार्थनास्थळाला द्या. नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या (म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं तिथल्या भिंतींवर हाताने लिहिली आहेत. आडनाव लाल रंगात, पुढे काळ्या अक्षरांत नाव आणि तारखा. दुरून भिंतीला नुसती नक्षी केल्यासारखं वाटतं. जवळ गेलं की एकाच आडनावापुढे आई-वडील आणि मुलं सलग वाचता येतात, आणि मग पाय निघत नाही. वरच्या मजल्यावर तेरेझीन इथल्या नाझींच्या बंदिस्त ज्यू वस्तीत डांबलेल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. तिथून बाहेर पडल्यावर लगेच दुसरं काही ठरवू नका.

प्रागच्या किल्ल्यात सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या चित्रसंग्रहाबद्दल खूप ऐकायला मिळतं. त्याने १५८३ मध्ये दरबार इथे हलवला आणि अफाट कलावस्तू जमवल्या. मग त्या गेल्या कुठे? काही १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने लुटून नेल्या, पुष्कळशा व्हिएन्नाला गेल्या. म्हणूनच प्रागनंतर व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम पाहायला जास्त मजा येते. तिथल्या ब्रॉयगल या चित्रकाराच्या दालनात १५६५ चं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र आहे. कुत्री माना खाली घालून चाललेली, एवढ्या माणसांत शिकार म्हणून एकच कोल्हा, आणि खाली गोठलेल्या तळ्यावर मुंगीएवढी माणसं खेळताहेत. समोर बाक आहे, निवांत बसा.

विद्यार्थी सवलत बहुतेक ठिकाणी वयावर असते, साधारण २५-२६ पर्यंतच. मास्टर्स करणाऱ्यांनी आधीच पाहून ठेवावं. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभं राहून पाहायची तिकिटं अगदी स्वस्त असतात. आत गेल्यावर आपल्या जागेच्या दांड्याला स्कार्फ बांधायचा, एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसा, आणि मग खुशाल फिरून यायचं. त्या जागेला कोणी हात लावत नाही. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, ही व्यवस्था १८७३ पासूनची आहे. रविवारी मात्र सुपरमार्केट बंद असतात, शनिवारीच खरेदी करा.

खाण्याचं म्हणाल तर माझी मैत्रीण शुद्ध शाकाहारी, तरी अडलं नाही. प्रागमध्ये तळलेलं चीज, व्हिएन्नात केझेश्पेट्झ्ले (चीज घातलेले नूडल्ससारखे गोळे), बुडापेस्टला लांगोश (तळलेली जाड पुरी). सूप मात्र विचारून घ्या, भाज्यांचं असलं तरी मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. किचन असलेलं हॉस्टेल घ्या आणि मेतकूट न्या. रात्री भात टाकला की जिवाला बरं वाटतं. लॉकरला स्वतःचं कुलूपही लागतं.

व्हिएन्नाहून बुडापेस्टही अडीच-पावणेतीन तासांवर. इथली पिवळी एक नंबरची मेट्रो १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत जुनी. डबे बुटके, स्टेशनं टाइल्सची, रस्त्यापासून चार पायऱ्या खाली. कागदी तिकीट यंत्रात पंच करायला विसरू नका, तपासनीस सबब ऐकत नाहीत. संसद भवनाचं तिकीट युरोपीय नागरिकांपेक्षा आपल्याला महाग पडतं, ते धरूनच बजेट करा. चित्रकार अमृता शेरगिल यांचा जन्म १९१३ मध्ये याच शहरातला, हे आठवलं की डॅन्यूबचा काठ थोडा आपला वाटतो. संसदेजवळच त्या काठावर लोखंडी बुटांच्या जोड्या आहेत. १९४४-४५ मध्ये ज्यूंना इथे उभं करून, पायातले बूट काढायला लावून गोळ्या घातल्या होत्या. प्रागची भिंत पाहून आलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चेक कोरुना आणि हंगेरीचा फोरिंट, दोन्हीकडे कार्ड चालतं. यंत्राने ‘युरोत की स्थानिक चलनात’ विचारलं तर नेहमी स्थानिक चलनच निवडा, नाहीतर दर भलताच लागतो.

परतीला प्राग आणि ड्रेसडेनमार्गे जाणारी थेट गाडी मिळते. दिवस जातो, पण डायनिंग कार असते. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असलं की शेंगेन देशांत (एकमेकांच्या सीमांवर एरवी तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) १८० पैकी ९० दिवस वेगळा व्हिसा लागत नाही. तरीही मूळ पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड दोन्ही जवळ हवेत. जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, आणि सीमा ओलांडताना पोलीस डब्यात येतात. त्यांना फोनमधला फोटो चालत नाही, तेव्हा कागद सॅकच्या तळाशी ठेवू नका.