एक इंचाची थाप

दुपारी तीनला सलूनमध्ये जावं. गर्दी नसते, पंखा आपल्या एकट्याच्या वाट्याला येतो, आणि कारागीर अर्धवट झोपेत असल्यामुळे निवडणुकीवर बोलत नाही. परवा असाच गेलो, गळ्याभोवती कापड बांधलं गेलं, पाण्याचा फवारा डोक्यावर बसला, आणि मागच्या बाकावर मोबाईल चाळत बसलेलं पोरगं ओरडलं, "दादा, ह्ये बघा! ब्रूस ली नानचाकूनं टेबलटेनिस खेळतोय!"

कारागिराने कात्री थांबवली. दोघं मोबाईलवर वाकले. मी आरशातून बघत होतो. मला ती क्लिप पाठ आहे. तीच ती भुरकट काळी-पांढरी, पिवळ्या सूटचा रंगसुद्धा न कळणारी, समोरच्याचा बॉल नानचाकूच्या, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांच्या, टोकाने परतवणारा ब्रूस ली. गप्प बसायला हवं होतं. पण माझी एक खोड आहे, समोर कुणी चुकीची माहिती दिली की माझ्या घशाशी काहीतरी येतं. लग्नाच्या पंगतीत मी लोकांना दुरुस्त केलेलं आहे.

"ती जाहिरात आहे," मी म्हणालो. "नोकियाची. २००८ सालची. चीनमध्ये फोन विकायला केली होती. त्यातला माणूस दुसराच आहे. ब्रूस ली जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती."

पोरगं माझ्याकडे असं बघायला लागलं जसं मी त्याचा फोन फरशीवर आपटलाय. "काका, दिसतंय की समोर," एवढंच म्हणालं. कात्री पुन्हा सुरू झाली, जरा जोरातच.

दिसतंय की समोर. बरोबर आहे. आम्हालाही समोरच दिसला होता.

गणपतीत आमच्या गल्लीत रस्त्याच्या मधोमध पांढरा पडदा बांधून सिनेमे दाखवत. सहसा हिंदी नाहीतर मराठी. एका वर्षी मंडळाच्या थोरल्या पोरांनी हट्ट करून ब्रूस लीचा कुंग फूचा 'एंटर द ड्रॅगन' आणला. जेवण उरकून येईपर्यंत पुढची जागा भरली होती, म्हणून मी पोतं घेऊन पडद्याच्या मागे बसलो. मागे बसायचं कुणाला वावडं नव्हतं. चित्र तेच, फक्त उलटं. पाट्या वाचता येत नाहीत, पण इंग्रजी पाट्या तशाही कुणाला वाचायच्या होत्या?

दुसऱ्या दिवशी शाळेत मारामारी. पुढे बसलेला नंद्या सांगे, ब्रूस ली उजवा हात पुढे काढून उभा राहतो. मी सांगे, डावा. आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं, दोघांनी आईची शपथ घेतलेली. त्यावरून मधल्या सुट्टीत एकमेकांची कॉलर धरली. पडद्याची भानगड लक्षात यायला मला काही वर्षं लागली. पुढे वाचलं, तो ताकदीचा हात मुद्दाम पुढे ठेवायचा, बॉक्सरांच्या रिवाजाच्या बरोबर उलटा. म्हणजे नंद्या खरा. मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

नंद्याकडे ब्रूस लीची सगळी माहिती असे. ती कुठून येते ते विचारायचं नसे. त्याचा हात इतका जलद चाले की कॅमेऱ्यात येतच नसे, म्हणून त्याला हळू मारायला लावत. तो एक इंचावरून ठोसा मारून माणूस भिंतीतून पलीकडे पाठवी. त्याला चिनी गुंडांनी विष घातलं. नाही, एका म्हाताऱ्या साधूने नुसतं बोट लावलं आणि तो बरोबर महिन्याने मेला. नाही, मेलेलाच नाही, कुठेतरी डोंगरात शिकवतोय. ही तिन्ही मरणं नंद्या एकाच आठवड्यात सांगू शके आणि आम्ही तिन्ही मानत असू.

नानचाकू आम्हीही केला. नंद्याच्या आईचं जुनं लाटणं मधोमध कापलं, दोन्ही तुकड्यांना खिळे ठोकले आणि मध्ये सायकलच्या चेनचा वीतभर तुकडा अडकवला. पहिलाच फेरा काखेतून खांद्यावर घ्यायला गेलो आणि लाटणं परत येऊन भुवईवर बसलं. टक् असा आवाज आला, नारळ फोडण्याआधी ठोकून बघतात तसा. कारागीर भुवईवरून कंगवा फिरवतो तेव्हा तिथे अजून जरा अडखळतो. त्यानंतर नंद्याच्या घरी आठ दिवस भाकरीच झाली, चपाती नाही.

मोठेपणी मी एकेक थाप खोडायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. पण खोडता खोडता भलतंच व्हायला लागलं. थाप खोटी निघे आणि तिच्या जागी खरं जे येई ते थापेपेक्षा चमत्कारिक असे.

साधं जन्माचं घ्या. हाँगकाँगचा हा वाघ जन्मला अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोला, २७ नोव्हेंबर १९४० ला. वडील कँटनी संगीत नाटकातले नट, दौऱ्यावर गेलेले. त्यांचा आधीचा एक मुलगा तान्हेपणीच गेला होता, म्हणून ह्याला घरात पोरीच्या नावाने हाक मारायचे, साई फुंग, म्हणजे छोटी फिनिक्स. पोरगं हेरत फिरणाऱ्या भुताखेतांना वाटावं, ही तर मुलगी आहे, जाऊ द्या.

हे वाचलं आणि मला आमचे दगडूकाका आठवले. त्यांच्या आधीचे दोघे गेलेले, म्हणून आजीने नाव दगडू ठेवलं आणि नाक टोचलं. म्हातारपणीही त्यांच्या डाव्या नाकपुडीवर खसखशीएवढा डाग दिसे. तो बोटाने चाचपत ते म्हणत, "यमाला फसवलंय मी." काका ८१ वर्षं जगले, गोधडी पांघरून झोपेत गेले. फिनिक्स ३२ व्या वर्षी गेला.

चष्म्याचंही तसंच. त्याला लांबचं धड दिसत नसे, कॉन्टॅक्ट लेन्स वापरायचा. सगळ्या गल्लीचा आदर्श, आणि चष्मा काढला की समोरून येणारा माणूस धूसर! आमच्या वर्गातला एक भिंगवाला पोरगा 'ढापण्या' म्हणून रोज मार खाई. त्याला हे तेव्हा कळायला हवं होतं. आणि कुंग फूच्या आधी त्याने कशात नाव काढलं असेल? चा-चा नाचात. १९५८ साली हाँगकाँगच्या स्पर्धेत पहिला. खिशात चा-चाच्या १०८ चालींची यादी ठेवायचा म्हणतात. जपमाळेचे मणी तेवढेच. पुढच्या वर्षी बोटीने अमेरिकेला निघाला तर वाटेत पहिल्या वर्गाच्या उतारूंना नाच शिकवत गेला. नंद्याने हे सांगितलं असतं तर त्याला आम्ही विहिरीत ढकलला असता.

एक इंचाचा ठोसा मात्र खरा. १९६४ साली कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत त्याने तो लोकांसमोर मारून दाखवला. दोन बोटांवर जोरही काढले. माणूस भिंतीतून गेला नाही, मागे ठेवलेल्या खुर्चीत जाऊन आदळला. त्यात जादू नाही. टाचेपासून कंबर, कंबरेतून खांदा, खांद्यातून मनगट, असा सगळ्या अंगाचा झटका एकाच क्षणी मुठीत आणायचा. आमच्याकडे पैलवान नुसता खांदा लावून माणूस हलवतो, त्यातलंच. तशीही तालमीची आणि त्याची ओळख होतीच. गामा पैलवानाच्या मेहनतीबद्दल त्याने वाचलं होतं, आणि आपले दंड-बैठका त्याच्या व्यायामात होते. हे मी एकदा तालमीतल्या वस्तादांना सांगितलं. ते लंगोट पिळत म्हणाले, "मग? दुसरं काय असनार?"

त्याच १९६४ सालात, कॅलिफोर्नियातच, ओकलंडला वाँग जॅक मॅन नावाच्या दुसऱ्या उस्तादाशी त्याची बंद खोलीत लढत झाली. ली यांच्या बायकोच्या सांगण्याप्रमाणे तीन मिनिटांत निकाल, वाँगच्या सांगण्याप्रमाणे वीसेक मिनिटं चालली आणि निकाल नाही. बघायला मोजकीच माणसं होती. लढत एकच, मिनिटं वेगळी. मला तर वाटतं, तिथेही मधोमध पडदा असणार.

आणि मरण. नंद्याची तिन्ही मरणं खोटी, पण त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण पहिली थाप मोठ्या माणसांनीच मारली. २० जुलै १९७३. सिनेमा कंपनीने जाहीर केलं, घरी बायकोबरोबर बागेत फिरताना तो कोसळला. मग एका वार्ताहराने रुग्णवाहिकेचा माग काढला. ती आली होती बेटी टिंग पेई ह्या नटीच्या घरून. तिथे त्याचं डोकं दुखत होतं, तिने डोकेदुखीची एक गोळी दिली, तो पडला तो उठलाच नाही. मेंदूला सूज. साधारण १,४०० ग्रॅमचा मेंदू १,५७५ ग्रॅम भरला. मे महिन्यात डबिंग करताना एकदा असाच कोसळला होता, तेव्हा वाचला. चौकशीत ठरलं की ती गोळीच त्याला बाधली. पण लोकांना एकदा कळलं की बागेचं खोटं आहे, की मग गोळीचं तरी कोण खरं मानणार? विष आलं, साधू आला, गुंड आले. घरच्यांनी लाजेकाजेस्तव एक लपवावं आणि गल्लीने त्याची दहा करावीत, हे आपल्याला काय नवीन आहे?

२०२२ साली स्पेनमधल्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी नवीनच काढलं, तो जास्त पाण्याने गेला असावा, मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता आलं नाही. 'पाण्यासारखा हो' असं जगाला सांगणारा माणूस पाण्यानेच गेला! मला हे फार नीटनेटकं वाटतं. एवढी बेतून शिवलेली गोष्ट दिसली की मी शिंप्यावर संशय घेतो.

शिवलेली नसलेली गोष्ट ही. तो गेला तेव्हा 'गेम ऑफ डेथ' अर्धवट पडला होता. १९७८ साली तो कसाबसा जोडून बाहेर काढला. एका ठिकाणी आरशावर त्याच्या चेहऱ्याचं कापलेलं चित्र चिकटवलंय, हे उघड्या डोळ्यांना दिसतं. त्यात गोष्ट अशी की नायक नट आहे आणि शूटिंग चालू असताना खोट्याच्या जागी खरी गोळी घालून त्याला उडवतात. तो मेल्याचं सोंग करतो. आणि त्या सोंगाच्या अंत्ययात्रेत दाखवलेली गर्दी खरी आहे, शवपेटीही खरी आहे, पेटीतला चेहराही खरा आहे. हाँगकाँगला १९७३ साली निघालेल्या त्याच्याच अंत्ययात्रेचं ते चित्रण. आम्हा पोरांना ह्यातलं काय ठाऊक? आम्ही पक्कं धरून चाललो होतो की ब्रूस ली शूटिंगमध्ये खऱ्या गोळीने मेला. सिनेमात दाखवलंय की.

ही थाप मी कॉलेजात असताना खोडली. त्यानंतर लवकरच, १९९३ च्या एप्रिलच्या सुरुवातीला, हॉस्टेलच्या खानावळीत पेपर उघडला. ब्रँडन ली, वय २८, ब्रूस लीचा मुलगा, अमेरिकेत शूटिंग चालू असताना पिस्तुलातून निघालेला गोळीचा तुकडा पोटात लागून गेला. पिस्तुलात फक्त आवाजाची दारू असायला हवी होती. आधीच्या कुठल्या तरी दृश्याच्या वेळचं शिसं नळीत अडकून राहिलं होतं, ते कुणी बघितलं नाही. समोर ताटात पातळ आमटी होती. ती मी तशीच ठेवून उठलो. सिएटलला बापाशेजारी लेकाला पुरलंय.

कारागिराने मान पुढे वाकवली. मानेवर वस्तरा असताना माणूस फारसं काही सांगत नाही. नाहीतर मी त्या पोराला शेवटची एक गोष्ट सांगणार होतो.

नंद्या म्हणायचा, ब्रूस ली भारतात आला होता. बाकी सगळ्या थापा आम्ही खाल्ल्या, ही नाही खाल्ली. साधू चालला, डोंगर चालला, पण भारतात? ब्रूस ली? इथे? काय आमरस खायला? त्या दिवसापासून त्याचं नाव थापाड्या पडलं ते दहावीपर्यंत. फळ्यावर लिहायचे. एकदा तो रडलाही होता, सायकल स्टँडच्या मागे, आणि मी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

आला होता. १९७१ च्या सुरुवातीला. जेम्स कोबर्न हा नट आणि स्टर्लिंग सिलिफंट हा पटकथालेखक, दोघंही त्याचे शिष्य, त्यांच्याबरोबर. 'द सायलेंट फ्लूट' नावाच्या सिनेमासाठी जागा बघत. वॉर्नर ब्रदर्स कंपनीचे रुपये भारतात अडकले होते, इथे कमावलेले, बाहेर नेता न येणारे. मग सिनेमाच तिथे करून खर्च करा, असा हिशेब. वाळवंटं बघितली, गावं बघितली, कोबर्नला काही पटेना. काम बारगळलं. त्या आधीच्या वर्षी पाठीला दुखापत होऊन तो महिनोन्महिने अंथरुणात होता, तेव्हा आपले जे. कृष्णमूर्ती वाचायचा. म्हणजे इथे येण्याआधीच थोडा आलेला होता.

घरी येऊन अंघोळ केली आणि नंद्याला मेसेज टाकला. हल्ली तो नाशिकला असतो, पंपांची एजन्सी आहे. सगळं सविस्तर लिहिलं, सालासकट. शेवटी 'तू खरं सांगत होतास, माफ कर' असंही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

तासाभराने उत्तर आलं. "मग? तवाच सांगत हुतो. मामाच्या टॅक्सीत बसला हुता त्यो."

नंद्याच्या मामाला मी चांगला ओळखत होतो. ते पोस्टात होते. तसं लिहिलं.

"मामाची म्हंजी मामाच्या दोस्ताची रे. आनि ह्ये बघ, ओरिजिनल."

खाली एक क्लिप होती. काळी-पांढरी, भुरकट. टेबल, बॉल, नानचाकू.

मी अंगठा दिला.