शेरूची बायोप्सी आणि फॉर्मवरचा रिकामा रकाना

गाठ काढली, टाके सुकले, तरी आमच्या कुत्र्याला, शेरूला, कॅन्सर आहे की नाही हे कळायला आम्हाला वीस दिवस लागले. तो राग अजून गेलेला नाही.

शेरू नऊ वर्षांचा. पिशवीत पहिल्यापासून एकच अंडकोष. ‘दुसरा उतरेल’ म्हणत आम्ही वर्षं घालवली. तुमच्या पिल्लाचा सहा महिन्यांतही उतरला नसेल, तर थांबू नका, काढून घ्या. पोटात अडकलेल्या अंडकोषात गाठ होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गळाले, पण खाज नाही. स्तनाग्रं सुजली, गल्लीतले नर त्याच्या मागे लागायला लागले. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ‘हे कातडीचं दुखणं नाही.’ सोनोग्राफीत मूत्राशयाशेजारी लिंबाएवढी गाठ दिसली. दोन्ही अंडकोष काढले.

नमुने लॅबमध्ये गेले. ‘आठ दिवसांत रिपोर्ट,’ असं सांगितलं होतं. नवव्या दिवशी फोन केला, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ बाराव्या दिवशी तेच. रात्री शेरू पायाशी झोपायचा आणि मी त्याचे श्वास मोजत पडायचो. सोळाव्या दिवशी स्वतः जाऊन उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलाने फाइल उघडली. आमच्या फॉर्मवर ‘नमुना कुठला’ हा रकाना रिकामा, त्यावर लाल पेनाने प्रश्नचिन्ह. शेजारी नमुना टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या दोन डब्या, दोन्हींवर फक्त ‘शेरू, नर’. पोटातला कुठला आणि पिशवीतला कुठला, हे कळेना म्हणून काम बाजूला ठेवलेलं. माझा नंबर त्याच फॉर्मवर होता. एक फोन कुणी केला नाही! तिथेच मॅडमना फोन लावून रकाना भरून घेतला. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला: सर्टोली सेल ट्यूमर, म्हणजे अंडकोषातल्या सर्टोली पेशींची गाठ, पोटातल्या अंडकोषात. पसरल्याची खूण नाही. मी गाडीत बसून रडलो.

तेव्हा डब्या बंद होताना समोर थांबा, प्रत्येकीवर डावा-उजवा, पोटातला-पिशवीतला लिहून घ्या, फॉर्मचा फोटो काढा.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: ऑपरेशनपूर्वी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची तपासणी, कराच. ही गाठ इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक बनवते आणि त्याने हाडांतली रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा दबते. शेरूच्या प्लेटलेट नव्वद हजारांपर्यंत घसरल्या होत्या, म्हणून मॅडमनी रक्त देणारा कुत्रा आधीच तयार ठेवला होता. छातीचा एक्स-रेही तेव्हाच काढला. आता दर पंधरा दिवसांनी रक्त तपासतो. परवा प्लेटलेट दोन लाख दहा हजार आल्या.